गोळ्या झाडलेली पाटी बदलावी की तशीच ठेवावी?

वाटसरू
अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या टॅलाहाची काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), ग्रॅबॉल लँडिंग नावाच्या नदीकाठच्या जागी, जिथे एमेट टिलचं प्रेत सापडलं असं मानतात, त्याच्या स्मरणार्थ पाटी आहे. ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एमेट शिकागोचा, १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. ऑगस्ट १९५५ मध्ये नातेवाइकांकडे आला होता. मनी गावच्या दुकानात गोऱ्या मालकिणीची छेड काढली असा आळ आला. चार दिवसांनी मध्यरात्री दोघांनी त्याला घरातून उचलून नेलं, हालहाल करून मारलं, आणि जिनिंगचा तीसेक किलोंचा लोखंडी पंखा काटेरी तारेने गळ्याला बांधून नदीत फेकलं. समनरच्या कोर्टात बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात दोन्ही आरोपी सोडले. काही महिन्यांत त्याच दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन कबुली छापून आणली!

नदीकाठची पहिली पाटी २००८ ची. ती उपटून नेली. दुसरीची गोळ्यांनी चाळण केली. तिसरी २०१८ मध्ये लावली, तिला ३५ दिवसांत गोळ्या लागल्या. २०१९ पासून चौथी आहे, सव्वादोनशे किलोंची, बुलेटप्रूफ.

माझं मत असं की ती चाळण झालेली पाटीच तिथे ठेवायला हवी होती. एमेटच्या आईने, मेमी टिलने, शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. चेहरा ओळखू येत नव्हता तरी फोटो छापू दिले, कारण लोकांना दिसायला हवं होतं. मग आपण गुळगुळीत पाटी का लावायची?

गोदाकाठ
शवपेटी उघडी ठेवायचा निर्णय आईचा होता. तिचं पोर, तिचा हक्क. पाटीवरच्या गोळ्या मारेकऱ्यांच्या वारसांनी केलेली सही आहे, ती जपायची जबाबदारी टिलच्या आप्तांवर कशाला? उद्या त्या घरातलं कुणी फुलं घेऊन तिथे गेलं तर त्यांनी काय भोकं मोजायची?

नेमस्त
आणि वाटसरू, तुम्ही म्हणता तो प्रयोग होऊन गेलाय. दुसरी पाटी भोकांसकट काही वर्षं तशीच उभी होती. कुणाला फरक पडला?

वाटसरू
पडला ना. २०१६ मध्ये एका विद्यार्थ्याने तिचा फोटो टाकला, तो जगभर फिरला. त्यानंतर लोक हलले. धड पाटीचा फोटो कुणी टाकला असता का? त्याच चाळण पाटीला २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मांडलं. तीनशेच्या वर भोकं आहेत.

गोदाकाठ
बरोबर, संग्रहालयात! तिथे शेजारी संदर्भ लिहिलेला असतो. शेताच्या कडेला, कच्च्या रस्त्यावर ती नुसती 'आम्ही अजून आहोत' अशी धमकी. तिथले कृष्णवर्णीय लोक रोज त्याच रस्त्याने जातात, आपण नाही.

बंडोपंत
पाटी-पाटी काय करताय. मुळात प्रेत नेमकं त्याच काठाला सापडलं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. आणि खरी गंमत मनीला बघा. ज्या दुकानातून सगळं सुरू झालं ते वर्षानुवर्षं कोसळतंय. वेली चढल्यात, छप्पर गेलंय. अन् त्याच्या शेजारचा जुना पेट्रोलपंप? नागरी हक्कांच्या वारशासाठी ठेवलेल्या सरकारी निधीतून दोन लाख डॉलरच्या वर खर्चून चकचकीत केला. पंपाचा खुनाशी काय संबंध, तर शेजार.

सावली
@बंडोपंत, हे कमाल आहे. पण समनरचं कोर्ट विसरू नका. त्याच काउंटीत काळ्या-गोऱ्या नागरिकांनी मिळून आयोग नेमला, २००७ मध्ये कोर्टासमोर टिल कुटुंबाची जाहीर माफी मागितली, कोर्टरूम १९५५ सारखी पुन्हा उभी केली. आवारात टिलची पाटी आहे आणि तिथेच १९१३ पासूनचा कॉन्फेडरेट (यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या) सैनिकाचा पुतळाही. पुतळ्याला कुणी गोळ्या घालत नाही, हे लक्षात घ्या.

नेमस्त
म्हणूनच म्हणतो, गोळ्या घालणाऱ्याला पाटी 'दुरुस्त' झालेली दिसायलाच हवी. त्याने चार वेळा पाडली तर पाच वेळा उभी राहील, हे त्याला कळू दे. मला तर बुलेटप्रूफ पाटी जास्त बोलकी वाटते. एका पोराच्या नावाला चिलखत घालावं लागतं, हे वाचायला मजकूर लागत नाही.

देशपांडे_औंध
आपल्याकडे पण शिलालेखांवर चुना फासतात...

सावली
काका, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिली येईन. इथे मिसिसिपीच राहू दे.

वाटसरू
नेमस्त, चिलखताचा मुद्दा पटण्याजोगा आहे. तरी २०२३ पासून ग्रॅबॉल लँडिंग, समनरचं कोर्ट आणि शिकागोतलं अंत्यसंस्काराचं चर्च मिळून राष्ट्रीय स्मारक आहे. निधी आला, रखवाली आली. मग चाळण पाटी संदर्भासह परत काठावर आणायला काय हरकत? चौथी हटवू नका, शेजारी ठेवा.

गोदाकाठ
हरकत एकच, आधी तिथल्या लोकांना विचारा. पुण्यात बसून आपण ठरवायचं नाही.

बंडोपंत
आणि विचारायला गेलात तर पेट्रोलपंप बघून या.