१९९४ची प्रीमियर पद्मिनी, सात वर्षं बंद, समुद्राजवळ उभी : घ्यावी का?

भाट्ये_खाडी
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या एका वाडीत पद्मिनी विकायला आहे. १९९४ची, पेट्रोल, स्टिअरिंगवर गिअर, एमएच-०८ पासिंग. मूळ मालक वारले, मुलगा विकतोय. गाडी सात वर्षं जांभ्याच्या शेडमध्ये उभी आहे. शेडला पुढून दार नाही आणि समुद्र दोनेक किलोमीटरवर. बाहेरून रंग बरा दिसतो. इंजिन फिरत नाही, क्लच दाबला तरी गाडी गिअरमध्ये पडत नाही.

विचारायचं असं की बघायला जाताना नेमकं काय तपासू? जाम इंजिन सुटेल की सरळ दुसरं शोधायचं? आणि कंपनीच बंद पडलेली असताना पार्ट मिळतात का? रोज वापरायची नाही. रविवारी गणपतीपुळे, पावस, कधी आंबा घाटाने कोल्हापूर, एवढंच.

डिलाइट_११००
तिसऱ्याच प्रश्नापासून सुरू करतो. कुठला पार्ट मिळेल आणि कुठला नाही, हे ही कंपनी वर कशी चढली आणि खाली कशी आली यावरूनच कळतं.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. कुर्ल्याला आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. पन्नासच्या दशकात फियाट आली आणि ११०० सुरू झाली. साठच्या दशकात ११००-डी, म्हणजे आपली 'डिलाइट', आली आणि सांगाडा तिथेच गोठला. पुढे नाव 'प्रेसिडेंट' झालं, १९७४च्या सुमारास 'पद्मिनी' झालं. जाळी बदलली, दिवे बदलले. खाली तेच १०८९ सीसीचं इंजिन (बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी), चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). उत्पादनावर परवान्याची मर्यादा आणि दारात गिऱ्हाइकांची वर्षानुवर्षांची रांग. अशा वेळी नवा सांगाडा काढायला पैसा कोण घालणार?

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. 'मारुतीने पद्मिनी मारली' हे अर्धंच खरं आहे. तिच्यानंतरही पद्मिनी पंधरा-सोळा वर्षं तयार होत होती. प्रीमियरने निसानचं इंजिन घातलेली ११८-एनई काढली, पण तिचाही सांगाडा फियाट १२४चा, म्हणजे पुन्हा साठच्या दशकातलाच. खरी ओढाताण नव्वदच्या मध्याला झाली. एकाच वेळी दोन परदेशी भागीदार घेतले : प्यूजोबरोबर कल्याणला ३०९ आणि फियाटबरोबर कुर्ल्याला उनो. प्यूजोचं काम कामगारांच्या तंट्यात अडकलं आणि ते निघून गेले. उनोचं बुकिंग दोन लाखांच्या वर गेलं, गाड्या मात्र वेळेवर निघाल्या नाहीत. कुर्ल्याचा कारखाना फियाटकडे गेला आणि पद्मिनी २०००च्या आसपास थांबली. प्रीमियरचीच २००९ची रिओ चिनी सांगाड्यावरची, तिचा या गाडीशी काही संबंध नाही.

आता तुमच्या कामाचं. मेकॅनिकल पार्ट जिवंत ठेवले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्यांनी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. रोजचा खप संपला, आता आहे तो साठा. तरी पिस्टन-रिंग, बेअरिंग, क्लच प्लेट, व्हील सिलिंडर किट, किंग पिन किट, वॉटर पंप, हेड गॅस्केट हे कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत विचारलं तर मिळतं. दुर्मिळ काय, तर पत्रा, काचेची रबरं, क्रोमच्या पट्ट्या, मागच्या दिव्याच्या काचा. टॅक्सीवाला त्यांच्यावाचून गाडी चालवायचा, म्हणून त्या फारशा कुणी बनवल्याच नाहीत. तेव्हा गाडी बघताना इंजिनापेक्षा पट्ट्या आणि दिवे मोजा. ११८-एनई किंवा १३७-डी डिझेलचा पार्ट 'हाच बसतो' म्हणून कुणी दिला तर घेऊ नका.

पत्राकाम
वर सांगितलं ते बरोबर, फक्त पट्ट्या मोजायच्या आधी गाडीखाली झोपा. जाताना चुंबक, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि एक पोतं न्या.

या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्रा हाच सांगाडा. त्यामुळे फ्लोअर आणि दाराखालचे सिल गेले की गाडीची ताकदच गेली. एक सोपी खूण : चारही दारं उघडझाक करून बघा. दार किंचित उचलून लावावं लागत असेल आणि बिजागरी घट्ट असेल, तर सिल खचलाय. मग रंग कितीही चकचकीत असो, परत या.

कुजण्याच्या जागा मी या क्रमाने बघतो. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बॉडीला धरतात ती जागा पहिली. ती गेली तर पाटा डिकीत घुसतो. मग जॅक लावायची जागा, पायाखालचा पत्रा (मॅट उचलून), बॅटरीचा ट्रे, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, हेडलाइटच्या मागची वाटी, पुढच्या मडगार्डचा दाराजवळचा कोपरा. स्क्रूड्रायव्हरने दाबा. खण्ण वाजलं तर ठीक, 'फस्स' झालं तर भोक. दाराच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या कमानींना चुंबक लावा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्यात खारा वारा. पुट्टी ओलावा धरून बसते आणि आतून पत्रा खाते. बाहेर फोड दिसतो तोवर आत चाळण झालेली असते.

दुरुस्ती करायची तर कुजका भाग कापून १८ किंवा २० गेजचा सीआरसी पत्रा वेल्ड करायचा. कुजक्यावर पट्टी ठोकून वर डांबरी कोटिंग मारणारे खूप आहेत. दोन पावसाळ्यांत पट्टी हातात येते, कारण गंज दोन पत्र्यांच्या मधे कोंडला जातो. सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप टाचून घ्यायला सांगा, नाहीतर सांगाडा वाकतो आणि नंतर एकही दार बसत नाही. ही गोष्ट गॅरेजवाल्याने स्वतःहून सांगितली नाही तर दुसरं गॅरेज बघा.

लेथवाला
इंजिन. सात वर्षं उभी म्हणजे बहुतेक पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरल्यात. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. सेल्फ मारू नका. बॅटरी लावून 'बघू फिरतंय का' म्हणणाऱ्याला आधी बाजूला करा, कारण धरलेली रिंग जोराने ओढली की तुटते आणि बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) रेघ पडते. मग बोअर वाढवल्याशिवाय सुटका नाही.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून साधारण २० मिली डिझेल आणि ऑटो ट्रान्समिशन फ्लुइडचं निम्मं-निम्मं मिश्रण सोडा. दोन-तीन दिवस जाऊ द्या, रोज थोडं घाला. मग, गिअर पडत असेल तर, टॉप गिअरमध्ये टाकून (प्लग बाहेरच) गाडी हाताने पुढे-मागे हलवा. मागे-पुढे, एकाच दिशेला जोर नाही. सुटलं की फडकं धरून सेल्फवर फिरवा, आतलं सगळं बाहेर उडेल. आता ऑइल काढा. पांढरं दुधासारखं निघालं तर पाणी मिसळलंय, हेड गॅस्केट किंवा हेडच बघावं लागेल. अॅल्युमिनियमचं हेड पाण्याच्या वाटांपाशी खाल्लं जातं, विशेषतः रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी असेल तर. नवं ऑइल २०डब्ल्यू-४० मिनरल. महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनाला नको, सीलमधून गळतं.

गिअरमध्ये पडत नाही म्हणताय, पण इंजिनच जाम आहे तर नक्की कारण आत्ता सांगता येणार नाही. दोन शक्यता. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलीय, किंवा स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यांचे बुश गेलेत. दुसरं स्वस्त. बॉनेट उघडून एकाला लिव्हर हलवायला सांगा आणि खाली दांडी किती हलते ते बघा. लिव्हर हलतो आणि दांडी नाही, म्हणजे बुश.

पहिल्यांदा चालू करताना टाकीतलं पेट्रोल वापरू नका, बाटलीतून नळी लावा. टाकी उतरवून आत टॉर्च मारून बघा. आत लाल दिसली तर धुणं, नाहीतर बदलणं. एअर क्लीनर आधी उघडा, सात वर्षांत उंदरांनी काय भरलंय सांगता येत नाही. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंगची वेळ आलीच तर कोल्हापूरला उद्यमनगर, घाटापलीकडे काम होतं.

भाट्ये_खाडी
धन्यवाद. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) शिवाय काही मिळत नाही, त्याचं काय? आणि खालून जुनं ऑइल मारायचं का? इथे सगळे तेच सांगतात.

लेथवाला
ई-२०मध्ये तीन गोष्टी. जुन्या रबरी नळ्या सगळ्या काढा आणि इथेनॉलला टिकणाऱ्या घाला. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरची नीडल किट बदला. मिश्रण पातळ पडतं म्हणून कार्बोरेटरचं मेन जेट एक नंबर वाढवून प्लगचा रंग बघा. पांढरा असेल तर अजून पातळ आहे, फिकट चॉकलेटी हवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आपल्या दमट हवेत तर फारच. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा. आणि घाटात ऐन उन्हात बंद पडून सुरू होईना, तर बहुतेक गाडीतल्या पेट्रोल पंपात वाफ धरलीय. पंपावर ओलं फडकं ठेवून पंधरा मिनिटं थांबा. लोक उगीच इग्निशनचे पॉइंट घासत बसतात.

पत्राकाम
जुनं ऑइल नको. बुश आणि ब्रेकच्या नळ्या फुगतात, धूळ चिकटते, आणि पहिल्या सरीत ते निम्मं धुऊन तुमच्या विहिरीकडे जातं. आधी गंज घासून रेड ऑक्साइड किंवा एपॉक्सी प्रायमर, मग अंडरबॉडी कोटिंग. सिलच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स. दारांच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी ठेवा, ती बुजतात म्हणूनच दारं कुजतात. समुद्राकाठच्या रस्त्याने फिरून आलात की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

आरटीओ_मार्गदर्शक
कागदांचं कुणी बोललं नाही, आणि गाडी पडून राहते ती बहुतेक याच्यामुळे. १९९४ची म्हणजे पंधरा वर्षं २००९ला संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण (फॉर्म २५) आणि पर्यावरण कर. ते झालंय का हे आरसी बुकावर बघा. राहिलं असेल तर उशिराचं शुल्क महिन्याच्या हिशेबाने वाढत जातं, ते विकणाऱ्याच्या किमतीतून वजा करायला सांगा.

मालक वारलेत, तर आधी फॉर्म ३१ने गाडी वारसाच्या नावावर आणि मग २९ व ३०ने तुमच्या. मधली पायरी गाळून 'सह्या करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. इतर वारस असतील तर त्यांची संमती लेखी. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून बघा. काहीच दिसलं नाही तर जुन्या बुकाची नोंद संगणकावर चढलेली नाही. ती बॅकलॉग नोंद रत्नागिरी आरटीओत करून घेण्याचं काम विकणाऱ्याचं. चेसिस नंबर खरवडून वाचता येतो का तेही बघा. गंजाने पुसला असेल तर तपासणीत अडतं. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट जुन्या गाड्यांनाही लागते. व्हिंटेजची सवलत मनात असेल तर सोडा, ती पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांनी, आणि त्या नंबरवर रोजच्या रस्त्याला फिरता येत नाही.

डिलाइट_११००
ब्रेकचं राहिलं. बूस्टर नाही, सगळा जोर पायाचा. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, सगळ्या रबरी आणि लोखंडी नळ्या एकदमच बदला. एक बदलून बाकीचं ठेवलं की दाब वाढल्यावर पुढचं जुनं रबर फुटतं. ब्रेक ऑइल डॉट-३, दर दोन वर्षांनी बदलायचं, ते पाणी ओढतं. आंबा घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ड्रम तापले की पॅडल लागतं पण गाडी थांबत नाही.

पावसाळ्यात उभी करताना हँडब्रेक ओढू नका, शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. दर पंधरा दिवसांनी दोन-चार फूट पुढे-मागे हलवत राहा.

आणि किंमत ठरवायच्या आधी पाट्याच्या हँगरचे फोटो इथे टाका.