कुंपणाला बांबू: दोन फुटी रोप घ्यावं की बारा फुटी?

नवी बाग, कराड
घराच्या पश्चिमेला ४० फूट कुंपणभिंत आहे. रस्त्यावरून अंगण दिसू नये म्हणून बांबूचा आडोसा करायचाय. जमीन काळी. नर्सरीत दोन फुटी, पाच-सहा फुटी आणि बारा फुटी अशी तीन मापं आहेत. मोठ्या एका रोपाच्या पैशात लहान सहा येतात. कुठलं घ्यावं आणि किती?

कृष्णाकाठ
आधी जात विचारा. हिरव्या पट्ट्यांचा पिवळा बांबू असेल तर भिंतीलगत नको, तो ३० फुटांच्या वर जातो आणि बेट भिंतीला रेटतं. आडोशाला बारीक काठीचा, बुडापासून पाला धरणारा मल्टिप्लेक्स जातीचा बांबू बरा. भिंतीपासून तीन फूट सोडून साडेतीन-साडेतीन फुटांवर लावा, बारा रोपं पुरतात.

आता माप. बांबूची काठी आंब्याच्या खोडासारखी वर्षागणिक जाड होत नाही. कोंब जेवढा जाड निघाला तेवढीच ती राहते, उंचीही पहिल्या काही महिन्यांतच पुरी होते. बेट मोठं होतं ते दरसाल आधीपेक्षा जाड आणि उंच कोंब काढून. त्यामुळे बारा फुटी रोपाची आजची काठी आहे तेवढीच राहणार. शिवाय पिशवीत मुळं थोडी, वर पाला भरपूर. लावल्यावर पानं वळतात, गळतात, मग शेंडे छाटावे लागतात. छाटलेली काठी पुन्हा उंच होत नाही, नुसती बाजूला फुटते. ज्या उंचीचे पैसे मोजले तीच गेली! पाच-सहा फुटी घ्या.

माणदेशी माती
सहमत. फक्त फूट मोजून रोप उचलू नका, पिशवीतले कोंब मोजा. तीन-चार काठ्या आणि त्यात एखादी यंदाची, आधीच्यांपेक्षा जाड, असं रोप हवं. जाड काठी वरून कापलेली आणि पेरांतून फुटलेली दिसली तर ते कांडीचं कलम आहे. मातीतून नवा कोंब आला नसेल तर खाली कंद तयार झालेला नाही. पिशवीच्या तळाला मुळं गोल गुंडाळली असतील तर लावताना तीन-चार ठिकाणी उभा काप द्या.

आमच्याकडच्या मुरमाड जमिनीत दोन फुटी रोपंही चांगली धरतात, पण पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवायचं नाही.

नवी बाग, कराड
खड्डा केवढा? आणि गेटजवळ दोन मोठी लावली तर?

कृष्णाकाठ
लावा, पण प्रत्येकाला दोन-तीन बांबूंचा आधार बांधा. वाऱ्यानं रोप हललं की नवी मुळं तुटतात. टेम्पोतून आणताना शेडनेट गुंडाळा, नाहीतर घरी येईपर्यंत पाला करपतो.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. काळ्या मातीत तळाला पाणी साचून कंद कुजतो, म्हणून मातीत चौथा हिस्सा मुरूम मिसळा आणि रोप जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंचावर ठेवा. दोन घमेली शेणखत घाला, पण पुरतं कुजलेलं. कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. पाऊस स्थिरावला की लावा. वर चार इंच उसाचं पाचट अंथरा, बुडापासून वीतभर लांब, म्हणजे वाळवी काठीला लागणार नाही. पहिल्या वर्षीच्या बारीक काठ्या कापू नका, त्यांच्या पाल्यावरच पुढचे कोंब पोसतात.