मदत हवी आहे: कोटलिनमध्ये 'बाय' वापरलं, आता ओव्हरराइड केलेली मेथड कॉलच होत नाही

नमस्कार मंडळी, दोन दिवस याच्यातच अडकलोय.

सोसायटीच्या मेंटेनन्सचे रिमाइंडर पाठवायला छोटा प्रोग्राम लिहिलाय. 'सेंडर' इंटरफेसमध्ये दोन मेथड: 'सेंड' एका फ्लॅटला एसएमएस पाठवते, 'सेंडऑल' अख्ख्या यादीला. खरं काम 'एसएमएससेंडर' क्लास करतो. त्याच्या 'सेंडऑल'मध्ये नुसता लूप, लूपमध्ये 'सेंड'.

प्रत्येक मेसेजची नोंद फाइलमध्ये हवी होती, म्हणून तो क्लास एक्सटेंड करून 'सेंड' ओव्हरराइड केली. झकास चाललं. मग एका सीनियरने कोड बघितला नि म्हणाला, "इनहेरिटन्स कशाला? डेलिगेट कर." म्हणजे वारसा न घेता काम आतल्या ऑब्जेक्टकडे सोपव. म्हणून 'लॉगसेंडर' लिहिला, 'बाय' (आपण न लिहिलेल्या मेथड आतल्या ऑब्जेक्टकडे सोपवणारा कोटलिनचा कीवर्ड) लावून आत एसएमएससेंडर दिला, आणि फक्त 'सेंड' ओव्हरराइड करून त्यात नोंद टाकली.

आता 'सेंड' थेट कॉल केली की नोंद होते. 'सेंडऑल' केलं की ४२ जणांना मेसेज जातात आणि नोंदी शून्य! ब्रेकपॉइंट लावला, कंट्रोल माझ्या 'सेंड'मध्ये येतच नाही. कंपायलरही गप्प. हा बग आहे की माझंच चुकतंय?

प्रतिसाद १
बग नाही. 'बाय' लिहिलं की कंपायलर तुमच्या वतीने 'सेंडऑल' तयार करतो, आणि ती फक्त आतल्याची 'सेंडऑल' कॉल करते. तिथून पुढे 'धिस' (ज्या ऑब्जेक्टचा कोड चालू आहे तो) म्हणजे आतला ऑब्जेक्ट. आपल्याला बाहेरून कुणी गुंडाळलंय हे त्याच्या गावीही नसतं. एक्सटेंड केलं तेव्हा ऑब्जेक्ट एकच होता, म्हणून चाललं. याला 'सेल्फ प्रॉब्लेम' म्हणतात. हेन्री लीबरमन यांच्या १९८६ च्या पेपरमधल्या डेलिगेशनमध्ये मूळ 'सेल्फ', म्हणजे ज्याच्यावर पहिला कॉल आला तो ऑब्जेक्ट, कॉलसोबत पुढे जातो. कोटलिनचं 'बाय' त्या अर्थाने नुसतं फॉरवर्डिंग, म्हणजे कॉल पुढे ढकलणं आहे. 'सेंडऑल'पण ओव्हरराइड करा, लूपमध्ये स्वतःची 'सेंड' बोलवा.

धागाकर्ता
केलं, ४२ नोंदी आल्या! पण उद्या आतल्या क्लासने बल्क एपीआय वापरून एकाच कॉलमध्ये सगळे मेसेज पाठवायचे ठरवले, तर माझा लूप ते वाया घालवणार ना?

प्रतिसाद २
हो, घालवेल. लूप फक्त नोंदींसाठी ठेवा आणि मग यादी आतल्याच्या 'सेंडऑल'ला देऊन टाका. आतला तुमच्या 'सेंड'कडे फिरकत नाही, त्यामुळे नोंदी दुप्पट व्हायची भीती नाही. एक्सटेंड करून हेच केलं असतं तर ८४ झाल्या असत्या. जावाचा हॅशसेट एक्सटेंड करून 'ॲड' आणि 'ॲडऑल' दोन्हीकडे मोजणी टाकून बघा: 'ॲडऑल'ने तीन वस्तू टाकल्या की सहा मोजतो, कारण ती आतून 'ॲड'लाच बोलावते. मी एकदा त्यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे.