शिंक आली की पाय आवळता का? (अनुभव धागा)

पांढरंसोनं

काल वेचणी चालू होती. आमच्यातल्या एकीला शिंका लागल्या, सलग चार. आणि चौघींनी, मी धरून, आपापले पाय आवळले. शिंका तिच्या, पाय आमचे! मग हसू आलं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा आवळावे लागले. ओटीत कापूस, पाय आवळलेले, चौघी पिकाच्या ओळीत उभ्या. मुकडदमाला काही कळेना.

तेव्हा एकदम आमच्या गल्लीतली बुढी आठवली. विहिरीवरून भरलेला गुंड उचलताना ती तोंडाने 'हूऽऽ' करून श्वास सोडायची. आम्ही पोट्ट्या तिची नक्कल करायचो. ती म्हणायची, "वारं भरून वझं उचलू नका वं, वारं सोडून उचला. नाईतर अंग खाली येते." आम्हाला वाटायचं अंग म्हणजे पाठ.

दोन बाळंतपणं झाल्यावर समजलं, अंग म्हणजे गर्भाची पिशवी. दुसऱ्याच्या वेळी सव्वा महिना बाज, शेक, डिंकाचे लाडू सगळं झालं, पण शिंकलं की लघवीचा थेंब. सहा वर्षं पिशवीत एक जादा परकर घेऊन फिरली मी. नवऱ्याला वाटायचं मी लय व्यवस्थित बाई आहे.

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या शिबिरात एक फिजिओथेरपीवाली ताई आली होती. मला वाटलं आता 'आवळा, धरा, सोडा' सुरू होईल. तिने आधी आडवंच केलं. गुडघे वर, एक हात पोटावर. म्हणाली, शेतात झाडाला लुगड्याची झोयी बांधता ना बाळासाठी, तशी एक झोयी तुमच्या आत आहे. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी, शौचाची जागा, सगळं तिच्यावर. श्वास घेतला की छातीखालचा पडदा खाली येतो, झोयी जराशी खाली बसते. सोडला की वर येते. दोन आठवडे फक्त हे पाहा, दुसरं काही करू नका.

मला पहिले आठ दिवस काहीच समजलं नाही, नुसता पंखा पाहत पडायची. नवव्या दिवशी समजलं. आणि हेही समजलं की इतकी वर्षं मी 'व्यायाम' म्हणून जे करत होती ते नुसतं ढुंगण आवळणं आणि श्वास कोंडणं होतं.

आता चार महिने झाले. शिंक जमते. एसटीतून उडी मारून उतरलं की अजून नाही जमत. तुमचे सांगा. भाषा कशीही चालेल, इथे कोणी परीक्षा घेत नाही.

अंबाडी

माय वं, चौघींचे पाय!! दूध उतू गेलं वाचता वाचता.

लालपरी_थांबा

एसटीतून उडी कशाला मारायची ताई, ती थांबतच नाही का तुमच्याकडे? आमच्याकडे २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं तशी गर्दी इतकी की उतरता येत नाही, लोटून देतात. पण खड्ड्यांचं खरं आहे. आमच्या फाट्यापासून तालुक्यापर्यंत माझी झोयी काय, आतड्यांचाही पायना होते.

खारपाणपट्टा

मी वेगळं सांगते. आमच्या घरी संडास बांधला तेव्हा मी तीस वर्षांची. त्याआधी पहाटे अंधारात नाहीतर रात्री अंधारात. मधला दिवस धरून ठेवायचा. शेतात तर गडी माणसं चहूकडे, तुरी मोठ्या व्हायच्या तोवर आडोसा नाही. मग उपाय काय, पाणीच प्यायचं नाही. तसंही आमच्याकडचं पाणी खारं, कोणाला पिऊ वाटते.

त्याने झालं काय तर लघवीची जळजळ वेगळी आणि शौचाला खडा होणं वेगळं. रोज बसून कुंथायचं. मला कोणी सांगितलंच नव्हतं की कुंथणं म्हणजे त्या झोयीवर रोज गोटा ठेवणं. आता पाणी पिते, कुंथत नाही, बसल्यावर लांब श्वास सोडते. अर्ध्याच्या वर फरक तेवढ्यानेच पडला. व्यायाम मी काही केला नाही, आळशी आहे.

आता उलटी सवय लागली आहे. कुठे निघायचं म्हटलं की लागली नसली तरी जाऊन येते. दोन दोनदा. हे चांगलं की वाईट?

फिजिओताई

@खारपाणपट्टा, वाईट. 'असू द्या, जाऊन येते' ही सवय लागली की पिशवी थोडी भरली तरी ओरडायला शिकते. हळूहळू दहा-पंधरा मिनिटं लांबवत जा. पण दिवसभर कोंडायचंही नाही. मधला रस्ता.

(मी अमरावती जिल्ह्यात काम करते. वर ज्या शिबिराचं लिहिलंय तिथली ती मी नव्हे, पण झोयी आता मीही वापरणार. मी इतके दिवस 'हॅमॉक' म्हणत होते आणि बाया माझ्याकडे पाहत बसायच्या.)

तुरीचीशेंग

माझं सगळ्यांच्या उलट आहे म्हणून लिहू की नको करत होते.

मला गळत नव्हतं. दुखत होतं. बाळंतपणात टाके पडले, त्यानंतर बसताना, आणि रात्री नवऱ्याजवळ पण. लाज सोडून लिहिते आहे. फोनवर एक व्हिडिओ पाहिला, रोज शंभर वेळा आवळा. मी इमानदारीने शंभर केले. आणखी दुखायला लागलं. दीडशे केले.

सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा तिथल्या बाईंनी तपासून सांगितलं, तुझं ढिलं नाहीच, करकचून बांधलेलं आहे. मूठ चोवीस तास आवळून ठेवली तर हात दुखेल की नाही? तसं. तुला आवळायचं नाही, सोडायला शिकायचं. पाठीवर पडून तळपाय एकमेकांना लावून गुडघे बाजूला, खाली उशा. मांजरीसारखी पाठ वर-खाली. शशांकासनात (टाचांवर बसून पुढे वाकून, कपाळ खाली) पडून कमरेत श्वास घ्यायचा, मागच्या बाजूला. आणि जबडा सैल. जबड्याचं मला हसू आलं होतं, पण करून पाहा. दात आवळले की खालचंही आवळते.

मला सात महिने लागले. मध्ये दोनदा सोडून दिलं होतं.

अंबाडी

@तुरीचीशेंग बरं केलं लिहिलं. माझ्या जावेचं असंच आहे बहुतेक. ती कोणाला सांगत नाही, नुसती चिडते. तिला वाचायला देते, तुझं नाव इथे तसंही शेंगच आहे.

योगवाला_भाऊ

यात नवीन काय आहे? आपल्याकडे खालचं आवळायचा-सोडायचा मूलबंध आहे, अश्विनी मुद्रा आहे, हठयोगात सगळं लिहिलेलं आहे. २१ जूनला गावोगाव शिकवतात. इंग्रजी नाव दिलं की लोकांना पटते.

फिजिओताई

भाऊ, भांडण नाही. मूलबंध जुना आहेच. केगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये बाळंतपणानंतरच्या बायांसाठी हा व्यायाम लिहिला म्हणून त्याचं नाव पडलं. पण २१ जूनला पटांगणात शंभर बाया बसल्या असताना 'मूलबंध लावा' म्हटल्यावर कोणी कुठे काय लावलं हे पाहणारं कोणी असते का? अडचण तिथे आहे.

लिहितेच आता, पेशंट यायला वेळ आहे. वायू सरताना चारचौघांत कशी अडवता, ती ओढ. आत आणि वर. पोट, मांड्या, ढुंगण शांत. श्वास सोडताना ओढायचं, पाच आकड्यांपर्यंत धरायचं (श्वास चालूच ठेवून), आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणं अर्धं राहिलं तर पुढचं ओढणंही अर्धंच होतं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिने दिल्याशिवाय 'फरक नाही' म्हणू नका. शिंक किंवा खोकला येतो आहे असं वाटलं की आधी ओढायचं, मग शिंकायचं.

लघवीची धार मध्येच थांबवून व्यायाम करतात तो करू नका, पिशवी नीट रिकामी होत नाही. आणि तुरीचीशेंगसारखं दुखत असेल, रक्त जात असेल, काही बाहेर लागत असेल, तर धागा वाचत बसू नका. दाखवा.

बुढ्याचा_चष्मा

बायांच्या धाग्यात घुसलो, माफी असावी. सूनबाईने पाठवला. वय ६८. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, नळी काढली आणि उठलं की थेंब, बसलं की थेंब. पारावर जाणं बंद केलं. लोकांना वाटलं बुढ्याले घमेंड आली.

डॉक्टरनं हाच व्यायाम सांगितला. मी म्हटलं हे तर बायांचं आहे. तर म्हणे काका, तुम्ही काय बिनबुडाचे आहात का? तिसऱ्या महिन्यापासून पारावर परत चालू. खाटेवरून उठायच्या आधी ओढतो, मग उठतो. सोबतीचे दोघे-तिघे विचारून गेले हळूच. आता पारावर बसल्या बसल्या चालू असते आमचं, वरून राजकारण.

लालपरी_थांबा

काका!! आता पारावरून जाताना मला प्रत्येक बुढ्याकडे पाहून संशय येईल.

मोहफूल

मी गडचिरोलीकडची. आमच्याकडे डॉक्टर राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायांना तपासलं होतं, १९८९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना खालचं काही ना काही दुखणं निघालं. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या किती, तर आठ. त्यात फक्त हा विषय नव्हता, पांढरं जाणं, पाळीचे त्रास, सगळं होतं. पण मला तो आठचा आकडा जास्त लागतो.

माझी आत्या त्या आठातली नक्कीच नव्हती. तिचं अंग बाहेर यायचं. चालताना हाताने आत सारायची आणि पुन्हा मोहफुलं वेचायला वाकायची. आम्हाला माहीतच नव्हतं, ती बसताना नेहमी एक टाच खाली घेऊन बसायची एवढंच दिसायचं. आम्ही म्हणायचो आत्या ऐटीत बसते.

साठीला आली तेव्हा दाखवलं. एका ठिकाणी आत गेल्या गेल्या "पिशवी काढून टाका" म्हणाले, तपासायच्या आधीच. दुसरीकडे तपासून आत आधाराला रिंग बसवली, धुऊन परत बसवायची असते ती. सोबत श्वासाचं शिकवलं. व्यायामाने तिचं आत गेलं असं नाही, इतकं खाली आलेलं परत जात नसते. पण संध्याकाळी जो जडपणा यायचा तो कमी झाला म्हणायची. शेवटची चार वर्षं मांडी घालून बसली.

पांढरंसोनं

@मोहफूल माझ्या सासूबाई पण टाच घेऊन बसतात. मी आत्ता उठून पाहून आली.

धानाची_बांधी

गोंदियाकडे रोवणीत दिवसभर वाकलेलं असते, चिखलात पाय. तेव्हा हे करता येते का? वेगळा वेळ काढून सतरंजीवर पडा म्हटलं तर घरात विचारतात बरं नाही का. आणि पडली की लेकरू पोटावर येऊन बसते.

फिजिओताई

वाकल्या वाकल्या मोजून करू नका, कमरेवर ताण येईल. पेंडी उचलताना श्वास सोडा, बस. पांढरंसोनंच्या बुढीचं 'हूऽऽ'. आणि दर तासाला एकदा उभं राहून तीन लांब श्वास. लेकरू पोटावर बसलं तर बसू द्या, श्वास घेतला की ते वर जाते, सोडला की खाली. त्यालाही मजा, तुम्हालाही दिसतं श्वास पोटात जातो की नाही.

खारपाणपट्टा

कापसाला भाव काय सुरू आहे तुमच्याकडे? आमच्या इथला व्यापारी ओलाव्याच्या नावाने कटती करून राहिला.

पांढरंसोनं

विचारू नका. घरातच भरून ठेवला आहे, खोकून खोकून जीव चालला. म्हणजे सराव आपोआप होते!

अंबाडी

मिरचीची फोडणी देताना पण. आधी ओढा, मग मिरच्या टाका. मी आज केलं. ठसका लागला, बाकी काही नाही झालं.

तुरीचीशेंग

डिंकाच्या लाडवाचं कोणी प्रमाण सांगेल का? बहिणीचं बाळंतपण पौषात आहे. आणि तिला मी आत्तापासून श्वास दाखवून ठेवला आहे, तिची तरी शंभराची भानगड नको.

पांढरंसोनं

रात्री सासूबाईंना सांगून पाहिलं. आधी म्हणाल्या, "मले काही होत नाई." मग दिवे बंद झाल्यावर अंधारात हळूच, "कसं असते ते झोयीचं, दाखव." बाजेवर नको म्हटलं, तीच झोयीसारखी झाली आहे. खाली सतरंजी टाकली, गुडघ्यांखाली उशी, हात पोटावर. सांगितलं वारं घ्या, सोडा, खाली काय होते ते पाहा. पाच मिनिटांनी विचारलं, आत्याबाई, समजते का काही?

घोरत होत्या.

उद्या उपकेंद्रातल्या सिस्टरला विचारते तपासणीचा दिवस कोणता ते. @तुरीचीशेंग, डिंक पाव किलो तर खारीक अर्धा किलो, खोबरं तेवढंच, डिंक तुपात फुलवूनच घ्यायचा, कच्चा राहिला तर दाताला चिकटते. गुळाचं सांगते, शिट्टी झाली.