विषय: [मंडळ-शिक्षण] ठाण्यातल्या मुलींना बालशिक्षणाकडे न्यायचं तर पैसा कुठे लावावा?

प्रेषक: शिक्षण समिती

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातून उरलेली रक्कम यंदा ठाणे-नवी मुंबईतल्या नववी ते बारावीच्या अशा मुलींसाठी वापरायची आहे, ज्यांना पुढे बालवाडीत शिकवायचंय. एका संस्थेचा दहावीनंतरचा सहा महिन्यांचा ‘नर्सरी टीचर’ कोर्स आहे. वीस मुलींची फी मंडळाने भरावी, असा प्रस्ताव आलाय. तिकडच्या जाणकारांनी स्पष्ट मत द्यावं.

प्रेषक: ठाणे पश्चिमेच्या ताई

स्पष्टच सांगते, फी भरू नका. आधी त्या संस्थेला एवढंच विचारा: हे प्रमाणपत्र जोडून मुलीला नेमका कोणत्या पदासाठी अर्ज करता येईल? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘आमच्याच शाखेत’ असं येतं. दहावी आणि सहा महिने एवढ्यावर ती खाजगी नर्सरीत मदतनीस म्हणून लागेल, आणि ‘आता नोकरी आहेच’ म्हणून घरचे अकरावीचं नाव काढणार नाहीत. खरं नुकसान ते आहे.

कारण या क्षेत्रात जे काही मोजलं जातं, ते बारावीपासून. अंगणवाडी सेविका व्हायचं तर आता किमान बारावी पास, वय १८ ते ३५ आणि स्थानिक रहिवासी ही अट. एनसीटीईची (शिक्षक-प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आणि डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) दोन्हींना बारावीत ५० टक्क्यांच्या घरात गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन-शिक्षणाचा डिप्लोमासुद्धा बारावीनंतरच. म्हणजे मुलीपुढचा आकडा साधा आहे: ६०० पैकी ३००. कला शाखेत गाडी अडते ती बहुधा इंग्रजीच्या पेपरात. वीस मुलींच्या फीऐवजी दोन वर्षं आठवड्याला दोन तास इंग्रजीची शिकवणी लावलीत तर जास्त मुली पुढे सरकतील.

अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरतानाच एक गोष्ट बघायची. राज्य मंडळाला ‘बालविकास’ हा विषय आहे, पण तो प्रत्येक कॉलेजात नाही. पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारावं, माहितीपुस्तिकेवर विसंबू नये. पुस्तिकेत विषय असतो आणि शिकवायला बाई नसतात, असंही होतं. सीबीएसईच्या मुलींना अकरावी-बारावीला कौशल्य विषय म्हणून ‘अर्ली चाइल्डहूड केअर अँड एज्युकेशन’ घेता येतो, अर्थात शाळेने तो ठेवला असेल तर.

एक गोंधळ वारंवार होतो. डी.एल.एड. म्हणजे पहिली ते पाचवीची पात्रता, वर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा). बालवाडी हा त्या अभ्यासक्रमाचा गाभा नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने ३ ते ८ वर्षांचा एकच ‘पायाभूत स्तर’ केला, म्हणून डी.एल.एड. वाया जात नाही, पण तीन वर्षांच्या मुलाला शाळेत रुळवायचं कसं हे वेगळं शिकावं लागतं. ज्यांना पदवी झेपेल त्यांच्यासाठी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू आवारातला मानव विकास विभाग आहे, चर्चगेटकडे निर्मला निकेतन कॉलेज आहे. ठाण्याहून जुहूला दादरला गाडी बदलून सांताक्रूझ, पुढे बस. एका वेळचे दीड तास धरा. सवलतीचा पास काढूनही जाण्यायेण्याचा आणि डब्याबाहेरच्या खाण्याचा खर्च राहतो, आणि पहिल्या वर्षी मुली त्यापायी गळतात. मंडळाने पासाचे पैसे द्यावेत. ‘शिष्यवृत्ती’ म्हणायला ते शोभत नाही, पण उपयोग त्याचाच.

जाता जाता: ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलाच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवली. १९७५ च्या केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेतही तेच नाव दिसतं. २०१४ पासून तो भाग पालघरमध्ये मोडतो, म्हणून ठाण्याच्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

प्रेषक: मंडळाच्या सभासद (इथे प्रीस्कूलमध्ये शिकवतात)

ताईंच्या म्हणण्याला जोड देते. इथे अमेरिकेत बालवाडीत काम करणाऱ्यांसाठी सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट) नावाचं प्रमाणपत्र आहे, हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांतली मुलंही व्यावसायिक अभ्यासक्रमातून त्याची तयारी करतात. १२० तास प्रशिक्षण, ४८० तास मुलांबरोबर प्रत्यक्ष काम, कामाची फाइल, प्रत्यक्ष वर्ग बघायला येणारी तज्ज्ञ व्यक्ती आणि परीक्षा. ते ठाण्यात चालवायचा विचार नको, त्यावर तिकडे पद मिळणार नाही. उचलायचं ते प्रमाण: ऐकण्याच्या चौपट करणं. पण ४८० तास शाळकरी मुलीला कसे जमणार?

प्रेषक: कोपरखैरण्याहून

४८० नाही, पण शंभर जमतात. फक्त सुट्टीत नव्हे. सगळ्यांना मे महिना सुचतो, आणि मेमध्ये शिशुवर्गच बंद असतो! दहावीच्या मुलीचा मोकळा वेळ दोनदा येतो. बोर्डाची परीक्षा संपल्यावर मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य: तीन आठवडे, पाच दिवस, रोज तीन तास, म्हणजे ४५. मग १५ जूनच्या सुमारास शाळा उघडतात आणि अकरावीचं कॉलेज त्यानंतर बरंच उशिरा सुरू होतं. ते चार आठवडे म्हणजे ६०. जूनचे ते दिवस रडारडीचे, दाराला धरून बसणाऱ्या मुलांचे. या कामासाठी आपण आहोत की नाही हे मुलीला तेव्हाच कळतं. ‘मला लहान मुलं आवडतात’ हे वाक्य जूनच्या तिसऱ्या दिवशी तपासून बघावं.

काही गोष्टी ठाम ठेवा. एका वर्गात एकच मुलगी, दोघी ठेवल्या की एकमेकींशी बोलत बसतात. तिला मोठ्या माणसांत मोजायचं नाही. २०१३ च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठी व्यक्ती, तीन वर्षांखाली १० मुलांमागे एक. आपली मुलगी त्याहून जादा. बाई कमी आहेत म्हणून वर्ग तिच्यावर टाकणारी शाळा यादीतून काढा. शू-शीला मुलांना तिने एकटीने न्यायचं नाही, फोन पिशवीत, फोटो अजिबात नाही. पालकांचं संमतीपत्र आणि तिच्या शाळेचं पत्र पहिल्या दिवशी हातात हवं.

वही ठेवायची ती अशी: रोज एक मूल, दहा मिनिटं, नाव न लिहिता. ‘मुले आनंदी होती’ असलं काही चालणार नाही. ‘सहा मणी ओवले, सातव्याला दोरीचं टोक पिंजलं, तोंडात घालून ओलं केलं, पुन्हा ओवलं’ हे निरीक्षण. पुढे मुलाखतीत हीच वही समोर ठेवली की बोलायला मुद्दे मिळतात.

साहित्याचा खर्च थोडा, पण चुका ठरलेल्या. चिंचोके आणि लहान मणी तीन वर्षांखालच्यांना नकोत, थेट नाकात जातात. टिश्यू रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार पडतं ते त्या वयाला देऊ नका. खेळायच्या कणकेला दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि पाऊण ते एक वाटी गरम पाणी, पाणी थोडं थोडं. मिठामुळे टिकते, पण तेच मीठ आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा चिकट होतो. जुलैत पाणी कमी, घट्ट झाकणाचा डबा, आणि आठवड्याने टाकून द्या. गोष्ट तीन वर्षांच्यांसाठी सात-आठ मिनिटं. नवशिक्या पंधरा मिनिटं सांगतात, आणि मुलं उठून गेली की मुलांनाच रागावतात.

प्रेषक: शिक्षण समिती

फीचा प्रस्ताव मागे घेतो. इंग्रजीची शिकवणी, रेल्वेपास आणि शंभर तास, असं नव्याने मांडतो. एक प्रश्न: कळव्याच्या एका शाळेतून दोन मुलग्यांची नावं आली आहेत. त्यांचं काय?

प्रेषक: ठाणे पश्चिमेच्या ताई

घ्या की! अंगणवाडी सेविकेचं पद महिलांचंच आणि एसएनडीटीही महिलांची, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. डी.एल.एड. आणि इग्नू त्यांना खुलं आहे. खाजगी शिशुवर्ग मुलगा म्हटल्यावर कचरतात, म्हणून त्यांच्यासाठी शाळा आधी बोलून ठरवा, ऐनवेळी नको.

आणि शाळांना पत्रं जानेवारीतच पाठवा. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू झाली की मुख्याध्यापक दीड महिना भेटत नाहीत.