मदत हवी आहे: जांबोटी भागात ३५० मीटर जमिनीखालून वीज आणि फायबर न्यायचं आहे, चर कशाने मारावा?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडे आमचं छोटं काजू युनिट आहे. मीटर घरापाशी, शेड आत शेतात, मधे ३५० मीटर. आतापर्यंत खांबांवरून वायर नेली होती. आषाढात वारा सुटला की फांदी पडते आणि वायर तुटून लोंबते. खाली भाताची लावणी चालू असते, बायका पोटरीभर चिखलात उभ्या असतात. तेव्हा जिवंत वायर खाली आली तर काय होईल, या विचाराने झोप लागत नाही. म्हणून यंदा सुगी आटोपली की सगळं जमिनीखालून न्यायचं ठरवलंय. सोबत घरातलं इंटरनेट शेडपर्यंत फायबरने न्यायचंय, कॅमेरे आणि बिलिंगसाठी.

मार्ग असा: घरासमोर पंचायतीचा काँक्रीट रस्ता ओलांडायचा, मग लाल मातीचा चढ (खाली जांभा आहे), शेवटी भाताच्या खाचरांतून शेडपर्यंत. खाचरांतला काही भाग चुलत्यांचा आहे, त्यांनी होकार दिलाय. शेडचा एकूण लोड १५ किलोवॅट, त्यात सगळ्यात मोठी मोटर १० एचपीची, कॉम्प्रेसरची.

तिघांना विचारलं, तिघांची तीन मतं. एक म्हणतो जेसीबीने चर मारून दोन्ही केबल एकाच पाईपमध्ये टाकू. दुसऱ्याकडे ट्रॅक्टरला जोडायचा साखळीचा ट्रेंचर आहे, तो म्हणतो एका दिवसात काम फत्ते. तिसरा म्हणतो पूर्ण लांबी एचडीडी मशीनने (जमिनीखालून आडवं भोक पाडणारं मशीन) ड्रिल करून नेऊ, शेत उकरायलाच नको. खर्च जमेल तसा करू, पण पुन्हा उकरायची वेळ येऊ नये. केबल कुठली आणि किती खोल, तेही सांगा.

केबलवाला_निपाणी

दादा, मशीन ठरवायच्या आधी जमीन बघा. मार्गावर जिथे जिथे माती बदलल्यासारखी वाटते तिथे पहार आणि कुदळ घेऊन मीटरभर खोल खड्डे काढा. मजुरी थोडी जाईल, पण तिन्ही कंत्राटदारांपैकी कोण जमीन बघून बोलतोय ते लगेच कळेल. पहार आपटली की मुरमात धप्प आवाज येऊन ती रुतते. जांभ्यावर खणखणते, पण टोकाला लाल भुगा लागतो. काळ्या दगडावर मात्र पहार हातात उलटी झणझणते आणि दगडावर नुसता पांढरा ओरखडा उठतो. हे तीन आवाज कुठे कुठे येतात ते कागदावर लिहून ठेवा.

साखळीचा ट्रेंचर आमच्याकडे चिकोडी-अथणीच्या काळ्या मातीत झकास चालतो. चर सरळ आणि अरुंद येतो, माती भुसभुशीत निघते, बुजवायला सोपं. पण जांभ्यात सुटे धोंडे असले की साखळी उसळते, दात तुटतात आणि चराचा तळ वरखाली होतो. वरखाली तळावर वजनदार केबल टाकली तर ती उंचवट्यांवर टेकून मधे अधांतरी राहते, वरून माती दाबली की तिथेच ताण. शिवाय चर चार-सहा इंचांचा असतो, त्यात उतरून वाळू नीट पसरता येत नाही.

पूर्ण लांबी एचडीडी तुमच्यासाठी नको. ते मशीन हायवे, रेल्वे, नदी अशा ठिकाणांसाठी. मोकळ्या शेतात त्याचा खर्च करण्यात अर्थ नाही, आणि जांभ्यातल्या धोंड्याला बिट लागलं की वाट सोडून भलतीकडे वळतं.

माझं मत जेसीबी, पण एक फुटी बकेट लावून. नेहमीची बकेट सुमारे दोन फुटी असते, तिने उगीच दुप्पट माती निघते. जांभा कडक लागला तर तेवढ्यापुरता ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावा. एक लक्षात ठेवा, जांभा आत असतो तेव्हा त्यामानाने नरम असतो, उघडा पडून सुकला की कडक होतो. चर अर्धवट उकरून महिनाभर ठेवू नका.

उद्यमबाग_अभियंता

दोन्ही केबल एकाच पाईपमध्ये टाकू म्हणणाऱ्याला आधी नकार कळवा. पॉवर केबल बिघडली तर ती ओढून काढताना फायबर सोबत तुटणार, आणि पॉवर केबल तापते तेही आहेच. पॉवर केबल टाकण्याचं भारतीय मानक आयएस १२५५ आहे. त्यात ११०० व्होल्टपर्यंतच्या केबलला किमान ७५ सेंटीमीटर खोली आणि पॉवर व कम्युनिकेशन केबलमध्ये किमान ३० सेंटीमीटर अंतर सांगितलंय. एक फुटी चरात आडवं एवढं अंतर बसत नाही, म्हणून उभं ठेवा. चर १.१ मीटर खोल घ्या. तळाला साधारण ८ सेंटीमीटर चाळलेली वाळू, त्यावर पॉवर केबल, वर पुन्हा तेवढीच वाळू, त्यावर विटांचा किंवा सिमेंटच्या टाईलचा थर. मग माती भरत या आणि पॉवर केबलपासून ३० सेंटीमीटर वर फायबरचा पाईप टाका. तो जमिनीपासून सुमारे ६५-७० सेंटीमीटरवर येईल. त्याच्या वर वीतभर मातीनंतर इशाऱ्याची रंगीत टेप.

केबलचा साईज अंतरामुळे ठरतो. १५ किलोवॅटला करंट २५ अँपिअरच्या आसपास, तेवढा तर लहान केबलही झेपवेल. पण ३५० मीटरमध्ये व्होल्टेज पडतं. कंडक्टर, म्हणजे केबलमधली तार, पूर्ण तापलेला धरून काढलं तर अॅल्युमिनियमच्या २५ स्क्वेअर एमएमला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास, ३५ ला साडेतीन, ५० ला पावणेतीन. खेड्यात संध्याकाळी मुळातच व्होल्टेज कमी असतं, त्यात मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते. मी ३५ च्या खाली जाऊ नका म्हणेन. पुढे मशीन वाढवायचं असेल तर आताच ५० टाका, कारण चराचा खर्च तोच राहतो. साडेतीन कोर (तीन पूर्ण तारा आणि न्यूट्रलची एक बारीक), एक्सएलपीई (उष्णता सोसणारं प्लास्टिकचं आवरण), आर्मर्ड (वर पोलादी कवच). आर्मर दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडा. १० एचपीला स्टार-डेल्टा स्टार्टर (सुरुवातीचा करंट कमी करणारा) हवाच.

काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या आणि सुरू करण्याआधी हेस्कॉमच्या (आपली वीज कंपनी) सेक्शन ऑफिसला लेखी कळवा. मीटरनंतरची लाईन तुमची असली तरी रस्ता सार्वजनिक आहे.

जांबोटीकर

ताई, केबलवाले दादा, मनापासून आभार. खड्डे काढून बघितले. चढावर हातभर लाल मातीखाली जांभा, दोन ठिकाणी सुटे धोंडे. काळा दगड कुठे लागला नाही. खाचरांत वर चिखलवट माती, त्याखाली एक घट्ट थर आणि मग पिवळसर मुरूम. म्हणजे ट्रेंचर बाद. खाचरांत तरी ट्रेंचर चालेल का? की सलग जेसीबीच बरा?

भातशेती_कंग्राळी

अहो, त्या घट्ट थरासाठीच मी लिहायला बसलोय. खाचरात पाणी उभं राहतं ते त्याच थरामुळे. वर्षानुवर्षं चिखलणी होऊन तो बसलेला असतो. चर त्याला आरपार फाडतो. नंतर सगळी माती एकत्र ढकलून बुजवली की पुढच्या पावसाळ्यात खाचराचं पाणी चरात उतरतं आणि मुरमातून निघून जातं. आमच्या शेजारी एका मोबाईल कंपनीच्या केबलसाठी असाच चर मारला होता. वरून जमीन सपाट दिसत होती, पण तीन खाचरांत पाणी ठरेना आणि रोपं पिवळी पडली. चुलत्यांनी होकार दिलाय म्हणता, त्यांचं भात वाळलं तर तो होकार किती दिवस टिकेल?

यावर उपाय आहे, पण त्याला माणसं लागतात. जेसीबीवाल्याला आधीच सांगा की वरची काळसर माती चराच्या एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. बुजवताना मुरूम खाली. घट्ट थराच्या उंचीला आलात की चिकणमाती घ्या, पाणी मारून वीतभर थरांनी धुमसाने (माती ठोकायचं जड लाकडी-लोखंडी हत्यार) ठोका. तो थर दोन्ही बाजूंच्या जुन्या थराला सांधला पाहिजे. मग वर पिकाची माती. जिथे जमेल तिथे बांधाच्या कडेने जा. चार-दोन मीटर केबल जास्त गेली तरी चालेल, आणि पुढे चर कुठून गेलाय ते कुणाला विचारावं लागणार नाही. ट्रेंचर इथेही नकोच, तो सगळी माती कालवून टाकतो.

चढावरही एक काळजी. उतारावरचा चर पावसात ओढ्यासारखा वाहतो आणि केबलखालची वाळू धुऊन नेतो. ठरावीक अंतरावर चरात आडवी मातीची पोती रचा, म्हणजे पाणी अडेल.

फायबर_टिळकवाडी

फायबरचं थोडक्यात सांगतो. ४० मिलिमीटरचा पीएलबी एचडीपीई पाईप घ्या, म्हणजे फायबरसाठीचा प्लास्टिकचा पाईप, आतून घसरडा असतो. गुंडाळी लांब मिळते, मधे जोड न देता सलग टाका. आत नायलॉनची दोरी आधीच सोडून ठेवा. ३५० मीटरला हवेने केबल ढकलायचं ब्लोइंग मशीन नको, दोन माणसं दोरीने ओढतात. मात्र ओढताना वळण केबलच्या जाडीच्या वीसपटीपेक्षा लहान होऊ देऊ नका.

केबल सिंगल मोड (लांब अंतराचा फायबर प्रकार), सहा कोरची, म्हणजे आत सहा तंतू. दोन वापरा, चार शिल्लक ठेवा. पोलादी पट्टीची नको, धातू नसलेली घ्या. खानापूर पट्ट्यात वळवाच्या विजा कशा पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पोलादी पट्टी शेडमधल्या यंत्रांपर्यंत वीज घेऊन येते, धातू नसलेलं फायबर आणत नाही. घुशीची भीती असते ती पाईपच्या उघड्या तोंडाशी, म्हणून दोन्ही तोंडांना रबरी प्लग बसवा. धातू नसलेलं फायबर जमिनीखाली लोकेटरने (पुरलेली केबल शोधायचं यंत्र) सापडत नाही, त्यामुळे एरवी सोबत एक तांब्याची तार सोडतात. तुमच्याकडे खाली पॉवर केबलचं आर्मर आहेच, त्याच्यावरून मार्ग सापडेल.

जांबोटीकर

कंग्राळीच्या काका, खाचराच्या थराचं तिघांपैकी एकाही कंत्राटदाराच्या तोंडून निघालं नव्हतं. चुलत्यांना वाचून दाखवलं, ते स्वतः धुमस घेऊन उभे राहणार आहेत. आता रस्ता राहिला. चार मीटर रुंद काँक्रीट. शेजारीच मोरी आहे, कंत्राटदार म्हणतो मोरीतूनच पाईप सारू.

केबलवाला_निपाणी

मोरीतून अजिबात नको. पावसात पालापाचोळा पाईपला अडकतो, मोरी तुंबते आणि पाणी रस्त्यावर येतं. मग पंचायत पहिल्यांदा तुमचा पाईप तोडणार.

एचडीडीला चार मीटरच्या रस्त्यासाठीही अलीकडे-पलीकडे बरीच मोकळी जागा लागते, कारण रॉड एकदम खाली वळत नाही. तुमच्या घरासमोर तेवढी जागा आहे का बघा. हवेच्या दाबावर चालणारा मोल (मातीत ठोकत पुढे सरकणारं नळीसारखं यंत्र) मातीत छान जातो, जांभ्यात अडकून बसतो. त्यामुळे पीडीओंकडे (ग्रामपंचायतीचे अधिकारी) लेखी अर्ज करून कटरने काँक्रीट कापा, एका वेळी अर्धा रस्ता. अर्ज कन्नडमध्ये द्या, काम लवकर हलतं. रस्त्याखाली जाड भिंतीचे दोन वेगळे पाईप टाका, एक पॉवरला, एक फायबरला, आणि शक्य असेल तर तिसरा रिकामा.

कापण्याआधी रस्त्याकडेने दुसऱ्या कुणाची लाईन गेलीय का ते शोधा. सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अॅप मार्च २०२३ पासून आहे, त्यात खोदकामाची सूचना द्या. पंचायतीचा पाणीवालाही विचारा, नळाची पाईपलाईन त्यालाच तोंडपाठ असते. सरकारी फायबर साधारण १.६५ मीटर खोल टाकायचा नियम आहे, पण कडक जमिनीत तेवढं खोल नेलेलं नसतं. तेव्हा रस्त्याच्या कडेला हातानेच खणा.

उद्यमबाग_अभियंता

केबल ओढताना लोक घाई करतात म्हणून सांगते. ट्रॅक्टरला बांधून ओढू देऊ नका. ३५ स्क्वेअरच्या या केबलचा कंडक्टर मिळून सुमारे १२० स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियम होतं. त्याला चौरस मिलिमीटरमागे ३० न्यूटन ही मर्यादा, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास ओढ. ट्रॅक्टर ती कधी ओलांडतो ते चालवणाऱ्याला कळतच नाही. माणसं लावा. ही केबल मीटरला किलोभर वजनाची असते, रोलरवरून वीसेक माणसं सहज नेतात. ड्रम जॅकवर उचलून शाफ्टवर फिरवा, केबल ड्रमच्या वरच्या बाजूने सुटली पाहिजे. चरात दर दोन-तीन मीटरवर रोलर ठेवा, जांभ्याच्या धारेवर घासली तर वरचं आवरण चिरतं आणि पाणी आर्मरपर्यंत जातं. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या बारापटीपेक्षा कमी नको, म्हणजे तुमच्याकडे किमान फूटभर. दोन्ही टोकांना आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मीटर जास्तीची केबल वळसा देऊन पुरा. पुढे जोड द्यायची वेळ आली तर तीच कामाला येते.

१००० व्होल्टच्या मेगरने (केबलचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) तीनदा तपासा: ड्रमवर असताना, चरात टाकल्यावर, आणि पूर्ण बुजवल्यावर. दुसऱ्या तपासणीचा आकडा लिहून सही होईपर्यंत जेसीबीला माती लोटू देऊ नका.

जांबोटीकर

ठरलं ताई, ३५ ऐवजी ५० स्क्वेअर घेतोय. उद्या जेसीबीवाल्याशी बोलणं आहे. एक फुटी बकेट त्याच्याकडे नाही म्हणतो. खानापूर किंवा बेळगावात बकेट भाड्याने मिळते का?

केबलवाला_निपाणी

नळयोजनेची कामं घेणाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे असते. पण पिन बसते का ते मशीनचं मॉडेल सांगून आधी विचारून घ्या, आणि भाडं तासावर न ठरवता मीटरवर ठरवा. तासावर दिलं तर वरची माती वेगळी ठेवायला तो जेसीबीवाला थांबणार नाही.