मदत हवी आहे: पाणी गळलं की घरानेच मला फोन करावा

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालतंय, सिंकखाली गळतीचा सेन्सर आहे. परवा रात्री तो बोंबलला, पण नोटिफिकेशन सायलेंट मोबाइलवर नुसतं पडून राहिलं. सकाळी पाय ओले झाले तेव्हा कळलं! म्हणून आता खरीखुरी रिंग हवी.

२जी जीएसएम मॉड्यूल (सिम घालून कॉल करणारा छोटा बोर्ड) जोडलं. एटी कमांडला (मॉड्यूलला पाठवायची साधी आज्ञा) 'ओके' येतं, पण नंबर लावला की मॉड्यूल रीसेट. कॉलच्या वेळी ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं आणि मी रास्पबेरी पायच्याच पिनवरून सप्लाय देत होतो (चूक माझीच). मोठा कपॅसिटर पुरेल की वेगळा सप्लायच घ्यावा?

ॲस्टरिस्क (फोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर) टाकून एसआयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरून, कॉल करता येईल, पण राउटर बंद पडला की घर मुकं. शिवाय मी उचललं नाही तर दुसऱ्या नंबरवर कॉल जायला हवा. माणसाऐवजी व्हॉइसमेलने उचललं तर ते कसं ओळखता?